जिथे मी सगुणेला बुडवले, त्या नदीतून चालत

फिरकीच्या तांब्याबद्दल सरकारने काहीतरी करायला हवे. धरणे होतील, पोलादाचे कारखाने निघतील, शेराचे किलो तर झालेच आहेत. पण ज्या देशात फिरकीच्या तांब्याचे झाकण घट्ट बसले आहे की नाही हे घरातून निघताना कळण्याची सोय नाही, त्या देशाने प्रगतीच्या गोष्टी जरा जपून बोलाव्यात. या झाकणाला दोनच अवस्था माहीत आहेत. तहान लागली की ते उघडत नाही, आणि तहान नसली की आपोआप उघडते. बंद असावे आणि हवे तेव्हा उघडावे, ही मधली अवस्था माझ्या तांब्याने पंचवीस वर्षांत एकदाही धारण केलेली नाही. तो मला सासऱ्यांनी लग्नात दिला. त्यांच्या मनात नेमके काय होते ते आता विचारता येत नाही.

गेल्याच महिन्यात, वैशाखात, पुण्याहून दौंडला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये, उरळी आणि यवतच्या मध्ये कुठेतरी, हा तांब्या उघडला आणि बाकाखालच्या माझ्या कापडी पिशवीत सगळाच्या सगळा रिकामा झाला. पिशवीत एक धोतर, एक पंचा, दाढीचे सामान आणि एक वही होती. धोतर दौंड येईपर्यंत खिडकीत बरेचसे वाळले. वहीचे काय झाले ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

वही कसली होती ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याविषयी वाचकांचा काही चांगला ग्रह असेल तर तो वेळेवर आवरता येईल.

शिरूरच्या मिशनच्या शाळेत रत्नाकर मास्तर म्हणून एक शिक्षक होते. त्यांची ‘तांबडी लोकर’ ही कादंबरी पुष्कळांनी वाचली आहे. न वाचलेल्यांसाठी एवढेच, की सगुणा नावाची एक धनगरीण नवऱ्याशी भांडून, घर आणि मेंढरे सोडून भीमेच्या काठावर येते. इथवर सतरा प्रकरणे होतात. अठरावे लिहिण्याच्या आत मास्तर वारले. सतरा प्रकरणांची स्वच्छ प्रत तोवर पुण्याला आमच्या प्रकाशकांकडे येऊन पडली होती. या प्रकाशकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णा मला म्हणाले, “शास्त्रीबुवा, मास्तर तुमचे स्नेही. शेवट काय करणार ते तुमच्याशी बोलले असतीलच. एवढे एक प्रकरण लिहून टाका. नाव त्यांचेच राहील.”

मास्तर माझ्याशी बोलले होते ते निराळेच. ते दर पत्राच्या शेवटी लिहीत, “एकदा इकडे या, तुम्हांला नदी दाखवतो.” मी दर उत्तराच्या शेवटी लिही, “पुढच्या सुट्टीत नक्की.” पंधरा वर्षे आमचा हा पत्रव्यवहार अतिशय नियमितपणे चालला होता.

तरी मी हो म्हणालो. एका बैठकीत, एकही शब्द न खोडता, मी सगुणेला भीमेत बुडवले. वैशाखी पौर्णिमा, दोन्ही तीरांना भिडलेला जलौघ, मिटू लागलेली कमळे, आणि वियोगाने व्याकूळ झालेले चक्रवाकाचे जोडपे. संस्कृत काव्यात जे जे नदीला शोभते ते सगळे मी भीमेला घातले. पुस्तक निघाले आणि लोक रडले. मुख्यतः अठराव्या प्रकरणाला रडले. मास्तर किती थोर होते हे लोक मला डोळे पुसत सांगत, आणि मी मान हलवून दुजोरा देई.

दहा वर्षे असे छान चालले होते. यंदा दुसऱ्या आवृत्तीची जाहिरात आली आणि अण्णांच्या नावे एक कार्ड येऊन पडले: “रत्नाकर मास्तरांच्या हस्तलिखितांचे दप्तर शिरूर येथे आमचे ताब्यात आहे. वह्या एकूण त्रेचाळीस. छापील पुस्तकाशी ताडून पाहिल्या. प्रकरण अठराचे बुकिंग मिळत नाही. माल कोठून आला, खुलासा व्हावा. लूकस आप्पा, रिटायर्ड पार्सल क्लार्क, दौंड.”

अण्णा घाबरत नाहीत. ते म्हणाले, “खुलासा म्हणजे कागद. कागद करू.” त्यांनी गोदामातून एक जुनी, रेघांची, पिवळी पडलेली वही काढून दिली. तीत मी अठरावे प्रकरण मास्तरांच्या वळणाने उतरवायचे, मधून मधून खाडाखोड करायची, आणि शिरूरला जाऊन ती वही हळूच बाकीच्या वह्यांत सरकवायची, असे ठरले. अक्षर जमले. खाडाखोड जमेना. मी चांगला शब्द लिहून त्यावर रेघ मारी, मग त्या शब्दाची कीव येऊन तोच पुढे पुन्हा लिही. अखेर पाने जुनी दिसावीत म्हणून घरच्यांच्या नकळत वही चहाच्या पाण्यातून काढून माळ्यावर वाळत घातली. वयाच्या पन्नाशीला, व्याकरण शिकवून पोट भरलेला माणूस, माळ्यावर.

तर ती ही वही, आणि तिच्यावर आता तांब्याभर पाणी पडलेले.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. पॅसेंजर सकाळची घ्यावी. वैशाखात दुपारच्या गाडीत बसणे हे प्रायश्चित्तात मोडते. दौंड हे इंजिनांचे गाव आहे. तिथे इंजिने पाणी पितात, कोळसा खातात, विश्रांती घेतात, आणि माणसांनी त्यांच्या वेळा सांभाळून राहायचे असते. स्टेशनाबाहेर भजी चांगली मिळतात आणि नव्या पैशांच्या हिशेबातही स्वस्तच पडतात. चहा मात्र घेऊ नये. तो बहुधा इंजिनांसाठीच केलेला असतो.

लूकस आप्पा फलाटावर उभे होते; दप्तर पाहायला येतो असे मी कार्डाने कळवले होते. राहायला दौंडला, मुलाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. शुक्रवार-शनिवार शिरूरला जाऊन दप्तर उघडायचे असा त्यांचा नेम. किल्ली कमरेला. अंगात खाकी कोट, डोक्याला टोपी, वय सत्तरीच्या अलीकडे. नमस्कार झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही, पिशवीकडे पाहिले.

“पार्सल भिजलंय.”

“तांब्या सांडला.”

“माल काय हाय आत?”

“धोतर.”

“ते तर तुमच्या खांद्यावर वाळतंय. आनखी?”

“पंचा.”

आप्पांनी पिशवी उचलून हातावर तोलली. “वजन जास्त लागतंय,” एवढेच म्हणाले आणि चालू लागले. पिशवी त्यांच्याकडेच राहिली.

त्यांच्या घरी जेवणाला पिठले-भाकरी आणि कांदा होता. माझे ताट आणि वाटी नवी कोरी, बाजारातून आणलेली दिसत होती. मला संकोच वाटला. मी म्हणालो, “अहो, मला तुमची रोजची भांडी चालली असती. मी तसला नाही.”

“तुमी तसलं न्हाई ओ,” आप्पांची मंडळी म्हणाली, “पर रोजच्या भांड्यात काल बोंबील शिजल्यात. वास तुमास्नी चालंल का?”

मी मुकाट्याने जेवलो. पिठले इतके तिखट होते की त्यानंतर कुठलाही वास आला नसता.

जेवताना आप्पांनी दप्तराचा इतिहास सांगितला. मास्तर शेवटच्या आजारात पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी आपली सगळी कागदपत्रे एका लोखंडी ट्रंकेत भरून दौंडहून पार्सलने पुढे पाठवली होती. घेणाराही स्वतःच. मास्तर पुण्याला पोचून चार दिवसांत गेले. पावती सापडली नाही, पुढेमागे कोणी नव्हते, ट्रंक दौंडला परत आली आणि मुदतीनंतर लिलावात निघाली. लिलावात बोलणारे दोघेच होते, एक लोकरीचा व्यापारी आणि आप्पा.

“त्याला ट्रंक पायजे व्हती, मला आतला कागद. मी म्हणलं, भांडायचं कशापायी? ट्रंक तू ने. तो म्हणला, आन् ही रद्दी? म्हणलं, रद्दी मी नेतो.”

“तुम्ही मास्तरांची कादंबरी वाचली होती?”

“तवा न्हाई. पर बुकिंग माझ्या हातचं व्हतं. घेणाऱ्याला माल पोचल्याबिगर मला झोप येत न्हाई.”

शिरूरला सरळ जाणारा रस्ता आहे. वाचकांनी तोच धरावा. आप्पा मला म्हणाले, “आपुन वडगाव रासाईवरनं जाऊ. मास्तर तसंच जायचं.” माझ्या शेवटच्या प्रकरणातला घाट वडगाव रासाईचा होता, हे माझ्या ध्यानात आले, त्यांच्याही ध्यानात असेल असे तेव्हा वाटले नाही.

एस.टी.ने एका फाट्यापर्यंत गेलो. तिथून बैलगाडी मिळाली. तासाभराने गाडीवानाने बैल थांबवले आणि म्हणाला, “उतरा. नदी आली.”

मी उतरलो आणि नदी शोधू लागलो.

समोर मैल-अर्धा मैल वाळू पसरली होती. वाळूत कलिंगडाचे वाफे होते, वाफ्यांना काट्यांचे कुंपण होते. त्यापलीकडे आठ-दहा म्हशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या पाठी कोरड्या होत्या. त्या म्हशींच्या पोटाखालून जे काही वाहत होते, ती भीमा.

“हीच?” मी विचारले.

“हीच,” आप्पा म्हणाले. त्यांनी विजार गुडघ्यावर दुमडली, माझी पिशवी डोक्यावर घेतली. “माल माझ्या ताब्यात. तुमी तुमचं तेवढं संभाळा.”

ऊन मी म्हणत होते. मी धोतर आवरून पाण्यात उतरलो. पाणी घोट्याला लागले. वीस पावले गेल्यावर पोटरीला लागले. बरोबर मध्यावर, जिथे मी दहा वर्षांपूर्वी चंद्रप्रकाशात फेसाळणारा भोवरा ठेवला होता, तिथे ते गुडघ्याला लागले. कमळ एकही नव्हते. एक बगळा होता, तो विलाप करीत नव्हता. तेवढ्यात शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सरकला आणि मी बसलो.

म्हशींनी माना वळवून पाहिले. आप्पा पुढे होते, ते थांबले, मागे आले, आणि पार्सलची मोडतोड तपासावी तसे माझ्याकडे वाकून बघू लागले.

“शास्त्रीबुवा, बसल्यावर तुमाला कमरेला लागतंय.”

“होय.”

“आता हुभं राहून त्या सगुणाला गळ्यापतूर कसं लागलं, तेवढं सांगा.”

मी पाण्यात बसूनच धोतराचा सोगा पिळू लागलो.

“आनखी एक इचारायचं व्हतं. चक्रवाक म्हंजी कंचा पक्षी?”

“तुम्हांला कसे कळले?” मी पाण्यातूनच विचारले.

“मास्तरांच्या वळखीत एवढं संस्कृत एकाच माणसाला येतं. तुमी त्यास्नी लिवलेल्या पत्रांचा गठ्ठाच हाय माझ्याकडं. उठा, ठकूबाई वाट बघती.”

पलीकडच्या काठावर, लिंबाच्या सावलीत, एक साठीची बाई चातीवर लोकर कातत बसली होती. मागे कांद्याचे रान, उसाचा तुकडा, दावणीला दोन बैल. पूर्वीची मेंढरांची मोठी खांडे जाऊन आता शेतीत स्थिरावलेल्या घरात चार मेंढ्या हौसेपुरत्या उरलेल्या. मला पाहून तिने चाती थांबवली. आधी माझ्या निथळत्या धोतराकडे पाहिले, मग आप्पांकडे.

“मला बुडीवणारं ते हेच का?”

“हेच,” आप्पा म्हणाले.

“बसा,” ती मला म्हणाली. मग घराकडे तोंड करून ओरडली, “सुनबाई, पावण्यास्नी पाणी आण!” आणि लगेच, “न्हाई, नगं, गूळ आण नुसता. पाण्याचं त्यास्नी भ्या वाटत आसंल.”

ही सगुणा. मास्तर दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी या लिंबाखाली वही घेऊन बसत आणि ‘मग काय झालं, ठकूबाई?’ म्हणून विचारत. ती सांगे, ते लिहीत. पुस्तक निघाल्यावर शाळा शिकलेल्या सुनेने तिला ते सगळे वाचून दाखवले होते.

“शेवटाला सून रडाया लागली,” ठकूबाई म्हणाल्या. “म्या म्हणलं, काय झालं गं? म्हणती, आत्याबाई, तुमी मेला.”

“मला क्षमा करा, बाई.”

“आता बुडीवलं ते बुडीवलं. पर वैशाखात? आवो, आख्खं वडगाव हासलं! बाया नदीवर धुणं धुया जाताना म्हंत्यात, ठके, जपून, घोटा भिजंल. आखाडात बुडीवली आसती तर म्या गप बसले आसते. तसं आखाडात बी म्या बुडत न्हाई म्हना. दोन कोकरं काखंत मारून म्या पूर पवले हाय.”

सुनेने गूळ आणला आणि पाणीही आणले. मी दोन्ही घेतले. मग धीर करून विचारले, “मग खरे काय झाले? तुम्ही नदीवर आलात, त्यानंतर?”

“नदी उतरले. पाणी हेवढंच व्हतं. भावाच्या घरी गेले, दौंडाकडं. भावजय म्हणली, किती दिस ऱ्हानार? तिचं तोंड बघितलं आन् म्हणलं, सांजपतूर. भाकरी खाल्ली, माघारी आले.”

“आणि नवरा?”

त्यांनी चाती पुन्हा फिरवली. “ह्याच काठाला बसला व्हता, समदी मेंढरं घिऊन. सकाळधरनं. म्या इचारलं, हितं काय करताया? तर म्हणला, पानी किती हाय ते बघाया आलो.”

आप्पा खाली मान घालून हसले. मी हसलो नाही; ओल्याच धोतराच्या टोकाने डोळे पुसले.

“हे मास्तरांना सांगितले होते?”

“सांगितलं की. मास्तरांनी वही मिटीवली. मग म्हणलं, ठकूबाई, हे लई चांगलं हाय, म्हनूनच लिवाया जमंना.”

निघताना त्या उठून उभ्या राहिल्या. चेष्टा गेली होती. “आता दुसऱ्यांदा छापनार म्हंत्यात. माजी नातवंडं साळंत जात्यात, वाचाया शिकत्यात. त्यांनी वाचायचं का, आज्जीनं नदीत जीव दिला? म्या जीव दिला न्हाई, शास्त्रीबुवा. म्या माघारी आले. मला भाईर काढा.”

मी ‘बघतो’ म्हणालो. एखाद्याला जीव परत देण्यासारख्या प्रसंगी ‘बघतो’ म्हणणारा माणूस फक्त पुण्यातच तयार होतो.

संध्याकाळच्या एस.टी.ने शिरूर गाठले. राहण्याची सोय मिशनच्या आवारात, पाहुण्यांच्या खोलीत. खोली स्वच्छ, खाट कडक, भिंतीवर एक वचन. ते सत्याविषयी होते, म्हणून मी कुशीवर वळून झोपलो.

सकाळी आप्पांनी दप्तर उघडले. ही खोली मिशनने त्यांना वह्यांसाठी दिलेली, पूर्वी पाद्रीसाहेबांच्या टांग्याच्या घोड्याची. गव्हाणीच्या जागी आता फळ्या आहेत. फळ्यांवर, वेखंडाच्या कांड्या आणि कडुनिंबाचा पाला यांच्या मध्ये, मास्तरांच्या त्रेचाळीस वह्या. दाराशी एक तराजू.

वाचकांपैकी काहींनी मोठमोठी संग्रहालये पाहिली असतील. असे दप्तर पाहिले नसेल. प्रत्येक वहीला सुतळीने बांधलेले लेबल: क्रमांक, पाठवणार, घेणार, माल, वजन. पाठवणार सगळीकडे ‘रत्नाकर मास्तर’. घेणार सगळीकडे ‘वाचक’. वजन दरवर्षी दोनदा, वैशाखात आणि भाद्रपदात. भाद्रपदात वह्या फुगतात, वैशाखात उतरतात; पण एखादी वैशाखात नेहमीपेक्षा जास्त उतरली तर आप्पा समजतात की आत वाळवी जेवते आहे. शेराचे किलो झाले तेव्हा त्यांनी त्रेचाळीसही वह्या नव्याने तोलल्या. “सरकारनं माप बदललं, मास्तर थोडंच बदललं? पर नोंद पायजे.”

मग मोठे रजिस्टर. डाव्या बाजूला छापील पुस्तकाचे प्रकरण, उजव्या बाजूला ते ज्या वह्यांतून आले त्यांचे क्रमांक. प्रकरण नऊ: वह्या बावीस, तेवीस, सत्तावीस. प्रकरण सतरा: वह्या अडतीस ते बेचाळीस. प्रकरण अठरा: डावीकडे नाव, उजवीकडे कोरे. शेऱ्यात एकच शब्द, ‘एक्सेस’.

“माल हाय, कागद न्हाई, त्याला एक्सेस म्हंत्यात,” आप्पांनी समजावले. “माल गेला आन् कागद ऱ्हायला, तर शॉर्ट. शॉर्टपरीस एक्सेस वाईट. शॉर्टमंदी चोर सापडला तर सापडतो. एक्सेस कुनी आनून टाकलं, कोन सांगनार?”

त्यांनी मला वह्या पाहू दिल्या. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या बिलांच्या मागच्या बाजू, सगळीकडे मास्तरांचे ते उजवीकडे झुकलेले अक्षर. नवव्या प्रकरणात सगुणा भांडण झाल्यावर नवऱ्याला एवढेच म्हणते, “भाकरी झाकून ठेवलीया.” हे वाक्य मास्तरांनी अकरा वेळा लिहिले होते. एकदा ती रडून म्हणते, एकदा न बघता म्हणते, एकदा भाकरीचे नावच नाही, कालवणाचे आहे. दहा वेळा खोडले. अकरावे जसेच्या तसे पहिल्यासारखे होते. मी तिथे जमिनीवर बसलो. संस्कृत शिकवताना मी मुलांना सांगत असे की उत्तम वाक्य सहज येते. ते सहज कसे येते, ते या घोड्याच्या पागेत लिहून ठेवलेले होते.

त्रेचाळिसाव्या वहीत एकच पान लिहिलेले. “सगुणा नदी उतरते. पाणी घोट्याच्या वर. काठावर कोण? पुढं?” आणि समासात, घरसामानाच्या यादीसारखे: “वैशाखात शास्त्रीबुवांना एकदा नदी दाखवणे.”

मी ते पान बऱ्याच वेळा वाचले. आप्पा तराजूची पारडी पुसत राहिले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “आता तुमचं पार्सल काढायचं का?”

नाही म्हणायची शक्ती उरली नव्हती. मी पिशवीतून वही काढली. ती भिजून, वाळून, तुरीच्या पोत्यासारखी फुगली होती. शाई उतरून अठरावे प्रकरण निळ्या डागांचे झाले होते. चक्रवाकाचे जोडपे अखेर खरोखरच पुरात वाहून गेले होते. आप्पांनी वही पारड्यात ठेवली, वजन घेतले, मग नाकाशी धरली.

“चहाचा वास येतोय.”

“होय.”

“मास्तर जन्मात चहा प्यालं न्हाईत.”

“ही वही मास्तरांची नाही, आप्पा. गेल्या महिन्यात मी लिहिली. तुमच्या वह्यांत सरकवायला आणली होती.”

मला वाटले, आता ते मला बाहेर काढतील. आप्पांनी चष्मा लावला, नवे लेबल घेतले आणि तोंडाने म्हणत लिहू लागले, “वही चव्वेचाळीस. पाठवनार, शास्त्रीबुवा, पुणे. माल, नक्कल, खोटी. परिस्थिती, ओली.”

“आप्पा! ही कशाला ठेवता? फाडून टाका!”

“दप्तरातनं काय टाकायचं न्हाई. हितं आली ती नोंदीवर गेली.” त्यांनी लेबल बांधले, वही फळीवर मास्तरांच्या शेजारी, पण चार बोटे अंतर ठेवून, लावली. मग रजिस्टर उघडून ‘एक्सेस’च्या पुढे लिहिले, ‘मालक सापडला’.

“सगुणाला तुमीच घातली, तुमीच भाईर काढा,” ते म्हणाले. “सतरा प्रकरणं मास्तरांची. अठरावं तुमचं, तुमच्या नावानं. नवं लिवा. पर खर्डं समदं पाठवायचं. एकदाच लिवलेलं मी घेत न्हाई.”

परतीला मात्र मी शहाणपणा केला. शिरूरहून पुण्याला थेट एस.टी. आहे, नगर रस्ता चांगला आहे. शिक्रापूरला गाडी चहासाठी थांबते. चार दुकाने आणि एक पिंपळ एवढाच पसारा, पण चहा दौंडपेक्षा पुष्कळ बरा. तांब्या शिरूरलाच ठेवून आलो. आप्पांनी त्याला लेबल लावले नाही, एवढी कृपा.

अण्णांना सगळे सांगितले. ते बराच वेळ पेन्सिलीने टेबल वाजवत राहिले. “बुवा, लोक रडतात ते बाई बुडते म्हणून. भाकरी खाऊन परत आलेल्या बाईला कोण रडणार?” मी म्हणालो, “मी रडलो.” अण्णा म्हणाले, “तुम्ही पुस्तके विकत घेत नाही.” पण अखेर त्यांनी ज्येष्ठ संपेपर्यंत मुदत दिली. तोवर नवे प्रकरण आले नाही, तर जुनेच छापायला घेणार.

हा लेख छापून आला की अठरावे प्रकरण कोणाचे ते सगळ्यांना कळेल. दहा वर्षे त्याची भीती होती. ती गुडघाभर पाण्यात बसलो तेव्हाच गेली, आणि कुणी हसले तर वडगावच्या बायांनी आधीच हसून घेतलेले आहे.

काळजी दुसरीच आहे. मास्तरांच्या नावाने लिहिताना माझा हात एकदाही अडला नव्हता. आता खाली माझे नाव येणार आहे. गोष्ट ठकूबाईंनी तोंडाने सांगितलेली आहे, नदी पाहिलेली आहे, आणि ज्येष्ठाचे तेरा दिवस उरले आहेत. रोज सकाळी बसतो. नवरा काठावर मेंढरे घेऊन बसलेला आहे, एवढे एक वाक्य आजवर चौदा वेळा लिहिले. ते वाईट आहे हे मला दर वेळी कळते. चांगले कसे होईल ते कळत नाही. मुदत संपली तर ठकूबाई पुन्हा बुडतील, आणि या खेपेला मला त्या ओळखीच्या आहेत. मला हे लिहिता येत नसावे, अशी मला भीती वाटते.